निग्रोनीच्या वड्या

“वहिनी, यात जिलेटीन नाही ना?”

विचारणाऱ्याच्या डाव्या हातात व्हिस्कीचा ग्लास होता, बहुधा तिसरा. उजवा हात ट्रेवर येऊन थबकला होता. हा नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याच्या घरात अंडं येत नाही, बाहेरचा केकही तो विचारून खातो, आणि दारूशी मात्र तीस वर्षांचं सख्य. बाकीचे हसले. मी हसले नाही, कारण प्रश्न रास्त होता. जिलेटीन म्हणजे जनावरांच्या कातडीतलं, हाडांतलं कोलॅजेन शिजवून काढलेला पदार्थ. जिन म्हणजे धान्याचा नाहीतर मळीचा अर्क आणि जुनिपरची फळं. शाकाहाराच्या वहीत जिनच्या नावावर एकही डाग नाही.

“डावीकडच्या ट्रेमध्ये आहे. उजवीकडच्यात चायना ग्रास.”

त्याने निर्धास्तपणे उजवीकडची लाल वडी उचलून तोंडात टाकली. आधी चेहरा आक्रसला, मग हळूहळू सैल झाला. निग्रोनी, म्हणजे जिनचं एक कॉकटेल, पहिल्यांदा चाखणाऱ्याचं तोंड असंच होतं, पेल्यातली असो की वडीतली.

मे महिन्यातला शनिवार होता, गच्चीवर पंधरा माणसं होती. नवऱ्याच्या पन्नाशीचं निमित्त. केक नको, त्याऐवजी काहीतरी वेगळं कर, असं त्याचंच म्हणणं होतं. जेली शॉटची कल्पना दिराच्या मुलाची. त्याने फोनवर अमेरिकन पार्ट्यांचे व्हिडिओ दाखवले होते: इवल्याशा प्लॅस्टिकच्या वाट्या, त्यात पोपटी, गुलाबी, निळी जेली, आणि माना मागे टाकून ती गिळणारी मुलं. मला ते सगळं भयंकर वाटलं. चव कसली हे कुणी सांगतच नव्हतं, आणि सांगणार तरी काय? पाकिटातली स्ट्रॉबेरी जेली आणि जी मिळेल ती व्होडका. पण पातळ पदार्थ आपल्या पायांवर उभा राहतो, ही गोष्ट मला लहानपणापासून मोहात पाडते. चीक मिळाला नाही तर आई चायना ग्रासचा खरवस करायची. रात्री पातेल्यात नुसतं वेलचीचं दूध असायचं, आणि सकाळी त्याच दुधाच्या लुसलुशीत वड्या. अर्ध्या रात्री उठून मी पातेल्याला टिचकी मारून बघत असे.

म्हणून ठरवलं की करायच्या तर खऱ्या कॉकटेलच्या करायच्या, आणि खाणाऱ्याला वडी तोंडात जाताच कळलं पाहिजे की आपण काय खातोय. या दुसऱ्या अटीमागे एक स्टीलचा पेला आहे.

बाबा दारू प्यायचे, पण आमच्या घरात दारू नव्हती. म्हणजे बाटली कपाटात पांघरुणांच्या मागे असायची, येताना वर्तमानपत्रात गुंडाळून यायची, आणि शनिवारी रात्री थम्सअपबरोबर एका स्टीलच्या पेल्यात ओतली जायची. काचेच्या ग्लासमधून आत काय आहे ते दिसतं, स्टीलमधून दिसत नाही. त्या पेल्यातून दुसरं कुणी पाणी पीत नसे. आम्ही विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं: “बाबांचं औषध.” आम्हाला माहीत होतं. आम्हाला माहीत आहे हे आईला माहीत होतं. शेजाऱ्यांना तर शेंगदाण्याच्या वासावरून माहीत असणार. तरी तो पेला तीस वर्षं औषधाचाच राहिला. याबाबतीत आमचं घर काही निराळं नव्हतं. या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याला अजूनही परवाना लागतो, आणि आपण त्यावर परमिट रूम हा दोन शब्दांचा तोडगा काढून पाट्या लावून मोकळे झालो. लपवणं आणि मिरवणं एकाच पाटीवर.

जेली शॉटचा इतिहास शोधायला बसले तर तिथेही हीच लपवाछपवी. टॉम लेहरर हा हार्वर्डचा गणिती आणि तिरकस गाणी लिहिणारा माणूस १९५० च्या दशकात अमेरिकन लष्करात होता. तळावर नाताळची पार्टी ठरली, पण मद्यपेयांना बंदी. त्याने आणि त्याच्या मित्राने संत्र्याच्या जेलीत व्होडका घालून ती थिजवली. बंदी पेयांवर होती, हे काही पेय नव्हतं! हा किस्सा त्याने स्वतः मुलाखतीत सांगितला आहे, आणि जेली शॉटचा जनक म्हणून त्याचं नाव त्यावरूनच घेतलं जातं. कायद्यातल्या शब्दावर बोट ठेवून वाट काढायची ही बुद्धी मला फार ओळखीची वाटली. हा माणूस सदाशिव पेठेत सहज खपला असता.

पण जनकपण त्याला देता येत नाही, कारण जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८६२ मध्ये, जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरने आपल्या पुस्तकात पंच जेलीची कृती छापलेली आहे. कोन्याक, रम, लिंबू, साखर, आणि ते घट्ट करायला आयसिंग्लास, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेला पदार्थ. आपल्याकडे घोळ माशाचं बोत सोन्याच्या भावाने विकलं जातं, त्याच जातीतली वस्तू. कृतीसोबत थॉमसने इशारा दिला आहे: जेलीत पंचाची ताकद इतकी बेमालूम लपते की पाहुणे भरपूर खातात आणि जेवणानंतर नाचायच्या लायकीचे उरत नाहीत. त्यातही बायका जास्त फसतात, असं त्याचं निरीक्षण. (त्या बायका खरंच फसत होत्या की जेलीच्या आडोशाने हवं ते खात होत्या, हे त्याने त्यांना विचारलेलं दिसत नाही.) पंच हा शब्दसुद्धा आपल्या ‘पाच’वरून गेला असं अनेकजण मानतात: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी तो इथून तिकडे नेला. पंचामृताचा हा वाया गेलेला चुलतभाऊ.

तर, निग्रोनी. १९१९ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये काउंट निग्रोनी नावाच्या गृहस्थाने आपल्या नेहमीच्या पेयात सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली, अशी कथा आहे. जिन, कंपारी (कडू, लाल इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मूथ (वनस्पतींच्या चवीची वाइन), तिन्ही सारख्या मापाने. लक्षात ठेवायला सोपं, म्हणून मी इथून सुरुवात केली. पहिला प्रयत्न रबरासारखा झाला, दुसरा घशाखाली उतरेना इतका उग्र. चूक शोधताना एक गोष्ट ध्यानात आली, जी बारमध्ये रोज घडते पण कृतीत कुणी लिहीत नाही. बारटेंडर बर्फात कॉकटेल ढवळतो तेव्हा बर्फ वितळून त्यात बरंच पाणी मिसळतं. ते पाणी आगंतुक पाहुणा नाही, घरचं माणूस आहे. जेलीत बर्फ नाही, म्हणजे पाणी नाही, म्हणजे नुसता अर्क. ते पाणी आपणच द्यायचं, आणि देण्याची जागा आपोआप तयार असते, कारण जिलेटीन भिजवायला पाणी लागतंच.

शेवटी जमलेलं माप असं. तिन्ही दारू ५०-५० मिली, पाणी ५० मिली, जिलेटीन ८ ग्रॅम. गार पाण्यावर जिलेटीन भुरभुरवून पाच मिनिटं फुगू द्यायचं, मग मंद आचेवर नुसतं विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळायचं नाही. गॅस बंद केल्यावर दारू घालायची. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उकळत्या पातेल्यात जिन ओतलीत तर वड्या कोरड्या राहतील आणि ओट्याजवळचा माणूस झिंगेल. पाणी कमी करून दारू वाढवायचा मोह नवऱ्याला झाला होता. तसं करू नये. दारू फार झाली की जिलेटीन नीट धरत नाही, कडेने पाणी सुटत राहतं. चौकोनी डब्याला तेलाचा पुसट हात, सहा तास फ्रिज, मग गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने वीस वड्या पाडायच्या. वर संत्र्याची साल किसायची, पण अगदी वाढताना. थंड जेलीला वास फार कमी असतो आणि कॉकटेल म्हणजे निम्मा वासच. ओल्ड फॅशन्डची वडी मी याच कारणाने सोडून दिली. जिभेला व्हिस्की लागत होती, पण नाकाला काहीच पत्ता नव्हता.

मार्गारिटा सोपी निघाली. लिंबं अर्धी कापून, गर काढून, सालींच्या वाट्यांमध्येच टकीला, ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीचं गोड मद्य) आणि लिंबाच्या रसाचं मिश्रण थिजवायचं, मग त्या वाट्यांच्या फोडी करायच्या. हातात धरायला साल आणि खायला जेली. मीठ खाताना लावायचं. मी हुशारी करून आधी लावलं आणि अर्ध्या तासात ताटलीत तळं झालं. लोणचं घालणाऱ्या बाईला मिठाने पाणी सुटतं हे नव्याने कळावं, म्हणजे कमाल आहे.

जिन-टॉनिकची मजा दिव्यात होती. टॉनिकमध्ये क्विनीन असतं, तेच ते मलेरियाचं कडू औषध, ज्याच्यापायी हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांनी त्यात जिन घातली. क्विनीनवर अतिनील प्रकाश पडला की ते निळं चमकतं. पुतण्याने नोटा तपासायची टॉर्च आणली, गच्चीवरचे दिवे घालवले, आणि बशीतल्या पारदर्शक वड्या काजव्यांसारख्या पेटल्या. पंधरा प्रौढ माणसांनी लहान मुलांसारखा आवाज काढला. पुतण्याचं वय तेवीस. आपल्या राज्यात एकवीसला बिअर-वाइन चालते, पण जिनसाठी पंचवीस लागतात, त्यामुळे दिवा त्याचा आणि वड्या इतरांच्या. तो मला अजून ऐकवतो.

आणि मग फेणी. नवऱ्याचा एक मित्र म्हापशाचा. हुर्राकाचा हंगाम संपता संपता तो पुण्याला निघाला आणि येताना काजू फेणीची बाटली घेऊन आला. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस आंबवतात, त्याचं पहिलं ऊर्ध्वपातन ते हुर्राक, सौम्य आणि उन्हाळ्यापुरतं. पुन्हा भट्टीवर चढवलं की फेणी. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिला मानांकनाची गरज नाही, तिचा वास जिन्यातूनच वर्दी देतो. बाटली उघडताच खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

इथे मला माझी वडी सापडली. बाकी सगळ्या दारवा जेलीत थोड्याफार लपल्या. जिन दबली, रम गोड झाली, टकीला लिंबामागे गेली. फेणी लपली नाही. तिला मी कोकमाशी बांधलं. १५० मिली पाण्यात ५ ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं, त्यात साखर, गॅस बंद करून दोन चमचे कोकमाचं आगळ. आधी घालायचं नाही, कारण आंबटात उकळलं की चायना ग्रासची पकड सुटते. मग ९० मिली फेणी, तीही फ्रिजमधली नको, नाहीतर जागच्या जागी गुठळ्या. वरून हिरव्या मिरचीची एकेक पातळ चकती. आगळात मीठ असतंच. लालसर, जांभळट, आंबट, खारट, तिखट, आणि मग एकदम ती फेणी, सभेत उशिरा येऊन पहिल्या रांगेत बसणाऱ्या माणसासारखी. म्हापसेकर डोळे मिटून म्हणाला, “वहिनी, हे पाप आहे. अजून एक द्या.”

चायना ग्रास आणि जिलेटीन यांतला फरक त्या रात्री सगळ्यांना सप्रयोग समजला. जिलेटीन ३५ अंशांच्या आत वितळतं, म्हणून ते जिभेवर विरघळतं, आणि म्हणूनच ते पुण्याच्या मे महिन्यात गच्चीवरही विरघळतं. वीस मिनिटांत डावीकडच्या ट्रेमधल्या वड्यांचे कोपरे गोल झाले, चाळीस मिनिटांत लाल सार. उजवीकडच्या ट्रेमधल्या तशाच ताठ. समुद्री शेवाळातून काढलेलं चायना ग्रास एकदा जमलं की पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. तोंडात ते विरघळत नाही, दातांखाली तुटतं. त्याला पाणी जास्त लागतं म्हणून उजवीकडची निग्रोनी जरा बोथट होती, पण होती तरी.

ही अडचण माझ्याआधी जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत येऊन गेली आहे. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखकडे जंतू जिलेटीनवर वाढवायचे, आणि माणसाच्या अंगाइतक्या उष्णतेला ते जिलेटीन वितळायचं. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसेच्या बायकोने, फॅनी हेसेने, सुचवलं की मी जेलीसाठी अगार (म्हणजे आपलं चायना ग्रास) वापरते, ती उन्हाळ्यातही टिकते, ते घालून बघा. तिला ते जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळलं होतं. १८८२ मध्ये कॉखने क्षयाच्या जंतूंबद्दल लिहिलं त्यात अगारचा उल्लेख आहे, फॅनीचा नाही. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये आजही जंतू तिच्या जेलीवर वाढतात. आपल्या खरवसाचा हा नातेवाईक मला त्या रात्री गच्चीवर आठवला आणि मी तो सगळ्यांना सांगितला. पार्टीत क्षयाच्या जंतूंचा विषय काढल्याबद्दल नवरा अजून नाराज आहे.

आता एक हिशेब, जो मी ट्रेशेजारी चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. आपल्याकडच्या जिनमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या एका पेगमध्ये ते साधारण १३ मिली पडतं. माझ्या निग्रोनीच्या पूर्ण डब्यात साधारण ४२ मिली, वड्या वीस. म्हणजे सहा वड्या म्हणजे एक पेग. पेग हळूहळू संपतो, वडी दोन चावांत, आणि गप्पांत सहाच्या बारा होतात. चिठ्ठी वाचून दोघा-तिघांनी मोजून खाल्ल्या. बाकीच्यांनी चिठ्ठीवर ग्लास ठेवले.

दुसरी अट मात्र मी कुणालाही मोडू दिली नाही. बाहुल्यांचे, ताऱ्यांचे साचे नाहीत, वाढदिवसाचे रंग नाहीत, आणि खालच्या मजल्यावरची दोन मुलं गच्चीवर असेपर्यंत ट्रे झाकलेले. त्यांच्यासाठी पुण्याच्याच वीकफिल्डच्या पाकिटातली रासबेरी जेली वेगळ्या बाउलमध्ये घरात होती. जेली म्हटलं की मुलं धावतात. दिसायला खाऊ आणि आत दारू, हे पांघरुणांमागच्या बाटलीपेक्षा वाईट.

सगळे गेले तेव्हा एक वाजला होता. फ्रिजमध्ये एक डबा तसाच होता: पिन्या कोलाडा, पोर्तो रिकोतलं पेय. पांढरी रम, नारळाचं दूध, अननस. डबा तिरका केला तर आतलं सगळं एका बाजूला सरकलं. दुपारी घातलेलं, तरी अजून ताकासारखं पातळ. दिराने ताजा अननस आणला होता आणि मी त्याचा रस कच्चाच घातला. अननसात ब्रोमेलेन असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि जिलेटीन म्हणजे प्रथिनच. रस आधी उकळला असता तर ते निकामी झालं असतं. शिऱ्यासाठी अननस शिजवून घेतो, तसं. चायना ग्रासला त्याने काही झालं नसतं, पण ते फेणीत संपलं होतं.

मी डबा सिंककडे नेला तर मागून आई आली. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि पार्टीभर खोलीत मालिका बघत होती.

“फेकतेस कशाला? काय आहे ते?”

तोंडावर ‘काही नाही, अननसाचं सरबत’ असं आलं होतं. अगदी ओठांवर.

“रम आहे, आई. रम, नारळाचं दूध आणि अननस. जमलं नाही.”

“मग पातळच प्यायचं असेल ना ते मुळात?” म्हणत तिने मांडणीवरून पेला काढला. तोच. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला, त्यात मी चमचे ठेवते. चमचे ओट्यावर काढून तिने पेला विसळला आणि पुढे धरला. मी दोन बोटं ओतलं. तिने आधी वास घेतला, मग एक घोट, मग दुसरा जरा मोठा.

“ह्यांच्यापेक्षा बरं आहे. ते थम्सअपमुळे फार गोड व्हायचं.”

मी बघत राहिले.

“बघतेस काय? तीस वर्षं पेला कोण धूत होतं?”